दहावं माणूस

दहाव्या माणसाचं काय करायचं, हा प्रश्न या घरात बेचाळीस वर्षांपूर्वीच निकालात निघाला आहे, अशा समजुतीत सगळे सुखाने जगत होते. त्या रविवारी अकराच्या सुमाराला नोंदणी खात्याची बाई कागदांचा गठ्ठा घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली आणि अर्ध्या तासात त्या प्रश्नाने पुन्हा डोकं वर काढलं.

दहावं माणूस म्हणजे धाकटी. वय बेचाळीस, स्वतःचं चष्म्याचं दुकान, दिवसभर लोकांना खुर्चीत बसवून भिंगं बदलत 'आधीचं बरं की आत्ताचं' असं विचारणारी. पण या घरात पाऊल टाकलं की ती नुसती धाकटी. तिच्या जन्माच्या वेळी घरात आजी-आजोबा, आई-बाबा, काका-काकू, आत्या, दादा आणि ताई अशी नऊ माणसं होती. सरकारी यंत्रात एका कुटुंबाच्या कार्डाला ओळीही नऊच होत्या. ज्या तिघांनी मिळून त्या यंत्राचा प्रोग्राम लिहिला होता त्यांतली एक खुद्द आत्या. नऊपेक्षा जास्त माणसं असतात कोणाकडे, असं साहेब म्हणाले, आत्याने मान डोलावली, आणि चार महिन्यांत तिच्याच घरात दहावं माणूस जन्माला आलं. मग आत्याने स्वतःचं वेगळं कार्ड काढलं आणि सहा दिवसांच्या भाचीला त्यावर घेतलं. नात्याच्या रकान्यात 'भाची' हा पर्यायच नव्हता, म्हणून तिथे 'मुलगी' लागलं.

धाकटीने ही गोष्ट आयुष्यभर विनोद म्हणून ऐकली आणि विनोद म्हणूनच सांगितली. आईने जन्म दिला, आत्याने नंबर दिला, असं बाबा म्हणायचे. शाळेच्या दाखल्यावर पालक म्हणून आत्या आणि प्रगतिपुस्तकावर सही बाबांची. वर्गातल्या बाई गोंधळल्या की ती सांगायची, यंत्रात जागा नव्हती. तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान व्हायचं. यंत्रात जागा नाही म्हटलं की माणसं पुढचं काही विचारतच नाहीत.

तो विनोद आठ महिन्यांपूर्वी संपला. बाबांना शेवटचं दवाखान्यात ठेवलं तेव्हा अतिदक्षता विभागाच्या दाराशी बसलेल्या परिचारिकेने पडद्यावर बघून सांगितलं, आत फक्त कार्डावरच्या माणसांना सोडतात आणि तुमचं नाव इथे येत नाही. दादा आत गेला, ताई आत गेली; ती लग्नानंतर सासरच्या कार्डावर असली तरी बाबांच्या कार्डावर मुलगी म्हणून तिची नोंद राहिली होती. धाकटी दोन दिवस बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिली. भावंडं बाहेर येऊन सांगायची, बाबा तुझीच चौकशी करत होते. नंतर मृत्यूचा दाखला आला, त्यावर छापलं होतं: अपत्ये दोन. ते वाचून तिला रडू आलं नाही, संताप आला, आणि तो काढायचा कोणावर हे आठ महिन्यांत तिला ठरवता आलं नव्हतं. यंत्रावर चिडून कोणाचं भलं झालंय?

म्हणून आज ती ठरवून आली होती. जुनं यंत्र महिनाअखेरीला बंद होणार होतं. नव्या यंत्रात जाण्याआधी प्रत्येक कार्ड तपासून, हवी तर एकदाच दुरुस्ती करून मिळणार होती. त्यानंतर काही बदलायचं तर थेट कोर्ट. तिला बाबांच्या कार्डावर यायचं होतं. अपत्ये तीन, एवढंच तिला हवं होतं.

खात्याच्या बाईला मात्र धाकटीत फारसा रस दिसत नव्हता. ती आली होती आत्यासाठी. तिशीची, केस घट्ट बांधलेली, दोन पेनं खिशाला लावलेली ही बाई आत्याला 'मॅडम' म्हणत होती आणि तिच्याकडे असं बघत होती, की दादाने एकदा मान वळवून आत्याकडे नीट पाहून घेतलं. या घरात आत्याकडे असं कोणी कधी बघितलं नव्हतं.

बाईने जे सांगितलं ते थोडक्यात असं. आत्या निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती. तिच्यासोबतचे दोघे वारले होते. प्रोग्राम ज्या भाषेत होता ती भाषा आता कुठे शिकवत नाहीत. बाईने स्वतः एका निवृत्त गृहस्थांच्या घरी सहा महिने शिकवणी लावून ती गिरवली होती. वाचता येतं, पण लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते कळत नाही, असं ती म्हणाली. नऊ ओळींच्या दहा करायचा विचार चार वेळा झाला आणि चारही वेळा सगळे घाबरले. शाळा, दवाखाने, मतदार यादी, सगळ्यांची यंत्रं हे कार्ड डावीकडून अक्षरं मोजत वाचतात. एक ओळ वाढवायची म्हणजे शर्टाचं पहिलं बटण चुकीच्या काजात घालायचं. पुढची सगळी चुकतच जाणार. त्यामुळे एवढ्या वर्षांत साहेब बदलले, इमारत बदलली, नऊ मात्र नऊच राहिले.

"म्हणजे सरकार अजून आत्याच्याच प्रोग्रामवर चाललंय?" दादाने विचारलं.

"चाललंय म्हणजे, थांबलं नाहीये अजून," बाई म्हणाली.

दादाला हसावं की काळजी करावी ते कळेना. वहिनीने चहा आणला. तोवर धाकटीने आपला विषय पुढे सरकवला, आणि खरा घोळ सुरू झाला.

दादाचं म्हणणं, आहे ते राहू दे. उगाच कशाला खाजवून खरूज काढायची? आम्ही तुला कधी परकी समजलो का? हे तो प्रेमानेच म्हणाला, पण हे घर बाबांच्या नावावर होतं, दादाला ते विकायचं होतं आणि कार्डाप्रमाणे वारस दोन होते, हे टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ताईला घर विकायचं नव्हतं. त्यामुळे ताईचं म्हणणं, धाकटीला आत घेतलंच पाहिजे, बाबांच्या रक्ताची मुलगी अशी किती दिवस बाहेर ठेवणार? धाकटीने दोघांचं ऐकलं. ताईचं बोलणं तिला गोड वाटलं आणि त्यामागचा हिशेबही दिसला, त्यामुळे गोड वाटलेलं अर्धंच उरलं.

तेवढ्यात खात्याच्या बाईने, कोणी न विचारता, नियम म्हणून सांगून टाकलं, की नव्या यंत्रात वारस कार्डावरूनच लागेल. आत्ताच्या नोंदीप्रमाणे मॅडमच्या नावावरचा फ्लॅट मुलीकडे जाईल. मुलगी भावाच्या कार्डावर गेली तर मॅडम एकट्या उरतील, नव्या यंत्रात एकट्याचंही कार्ड चालतं, मग भावाची सगळी मुलं समान हक्कदार.

दादाने चहात आणखी साखर घातली आणि बराच वेळ ढवळली. मग म्हणाला, तसं पाहिलं तर ताईचं बरोबरच आहे. बाबांच्या कार्डावर तीन मुलं असायलाच हवीत, शेवटी सत्य ते सत्य. त्याने इतक्या झटपट बाजू बदलल्यावर ताईला चैन पडेना. दादा ज्या बाजूला जातो तिथे काहीतरी पाणी मुरतंय, हा तिचा लहानपणापासूनचा अनुभव. त्यामुळे ती म्हणाली, एवढी घाई कशाला, आत्याच्या नावावर राहिलं तर बिघडलं काय? पाव तासात दोघांनी एकमेकांच्या जागा घेतल्या होत्या आणि आपण मघाशी नेमकं काय म्हणत होतो हे दोघांनाही सांगता आलं नसतं. वहिनी मध्येच म्हणाली, मला कोणी सांगेल का आपण आता कोणाच्या बाजूने आहोत?

आत्या या सगळ्यात नव्हतीच. चौऱ्याहत्तर वर्षांची आत्या धाकटीनेच करून दिलेला चष्मा नाकावर सरकवून बाईने आणलेला छापील प्रोग्राम वाचत होती. बोट एकेका ओळीवरून खाली येत होतं, मध्येच थांबत होतं. आपल्याच जुन्या पत्रांचा गठ्ठा हाती आल्यासारखी ती त्यात रमली होती.

बाईची अडचण वेगळीच होती. अशी अकरा हजार कार्डं होती, जिथे दहावं माणूस आलं म्हणून कोणीतरी दुसऱ्या कार्डावर गेलं होतं. आत्याने स्वतःच्या घरात केलेली तोड कचेरीतून कचेरीत, कारकुनाकडून कारकुनाकडे कानोकानी पसरली होती. लिहून ठेवली मात्र कोणीच नव्हती. आता खरं कुटुंब कुठलं आणि जागेअभावी मांडलेलं कुठलं, हे ओळखायचं कसं?

"नवव्या ओळीत बघ," आत्या मान वर न करता म्हणाली. "जुन्या घराच्या कार्डावर नवव्या ओळीत नुसता आकडा असेल. तो नव्या कार्डाचा नंबर. कोण कुठे गेलं ते कळावं म्हणून."

बाईचा चेहरा पडला. "मॅडम, आम्हाला तो कचरा वाटला. पुढच्या आठवड्यात पुसणार होतो."

आत्याने कप खाली ठेवला. "अकरा हजार घरं पुसणार होतात," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, तरी बाईने खिशातलं एक पेन काढून घाईघाईने ते लिहून घेतलं.

मग बाईने या तोडीचा हिशेब एकदा स्वतःशीच मोठ्याने घोकला, बरोबर समजलं ना ते पाहायला. दहा माणसं झाली की एक बाहेर जायला हवं. पण एकट्या माणसाचं कार्ड यंत्र घेत नव्हतं, एक माणूस म्हणजे कुटुंब नव्हे असं साहेबांनी ठरवलेलं. म्हणून दोघं बाहेर. जुन्या कार्डावर आठ उरतात, नववी ओळ कोरी राहते, तिथे आकडा. इथवर ती आली आणि अडखळली.

"पण बाकी सगळीकडे नवरा-बायको बाहेर गेलेत मॅडम. काका-काकू, नाहीतर मुलगा-सून. तान्हं मूल बाहेर काढलेलं मला हे एकच कार्ड सापडलं. तुमचंच."

ती हे कुतूहलापोटी बोलली होती. पण धाकटीच्या हातातली बशी टेबलावर जरा जोरात टेकली. तिने मनातल्या मनात बोटं मोजली. आजी, आजोबा, आई, बाबा, काका, काकू. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं, दोघंही मिळवते होते, त्यांचं वेगळं कार्ड निघालं असतं तर सगळे आठ जण आपापल्या जागी राहिले असते. ती बाबांची मुलगी राहिली असती. दवाखान्याच्या दारातून ती आत गेली असती. बेचाळीस वर्षांत ही साधी वजाबाकी या घरात कोणी केली नव्हती, तिनेही नाही. यंत्रात जागा नव्हती म्हटल्यावर मोजायचं कोण?

"आत्या," ती म्हणाली. "मीच का?"

आत्याने चष्मा काढला. दादा म्हणाला, आता जुन्या गोष्टी कशाला, पण आपल्याला त्या ऐकायच्या आहेत असंच त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"सगळ्यांना विचारलं मी," आत्या म्हणाली. "एकजण तर बाहेर जायला हवंच होतं. घोळ मी केला होता, तर मीच जाते म्हटलं. पण माझ्याबरोबर दुसरं कोणीतरी हवं होतं. आधी दादांना विचारलं, म्हणजे तुझ्या आजोबांना. ते म्हणाले, मी या घराचा कर्ता, मी मुलीच्या कार्डावर कसा येऊ? माझी आई म्हणाली, नवऱ्याला सोडून कागदावरसुद्धा जाणार नाही. तुझ्या काकाला म्हटलं, तुम्ही दोघं वेगळे व्हा, मी इथेच राहते, तर त्याला वाटलं मी घराच्या वाटण्या करायला निघालेय. दोन दिवस जेवला नाही तो. काकू रडली. तुझ्या बाबाला म्हटलं, थोरल्याला दे माझ्याबरोबर. तो म्हणाला, मुलगा नको, दुसरं काहीही माग."

दादा खिडकीबाहेर बघू लागला.

"आणि ताई?"

"ताई चार वर्षांची होती. तिला मांडीवर घेऊन विचारलं, माझ्या कार्डावर येतेस का. ती आईच्या पदराला धरून किंचाळली." आत्याने ताईकडे पाहिलंही नाही. "घरात दहा माणसं, आणि माझ्याबरोबर एका कागदावर यायला कोणी तयार नाही. मी बत्तीस वर्षांची होते, पगार आणत होते, सगळ्यांचे अर्ज भरून देत होते. नुसता कागद गं. कुठे जायचं नव्हतं, एकाच घरात राहायचं होतं."

"मग मी?"

"तू सहा दिवसांची होतीस," आत्या म्हणाली. "तूच एकटी नाही म्हणाली नाहीस."

धाकटीला काय वाटलं ते तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. आपल्याला उचलून दुसरीकडे ठेवलं याचा राग होता, आणि तो आता यंत्रावर नव्हता, माणसांवर होता. पण ज्यांच्यावर होता त्यांतली बहुतेक गेली होती आणि बाबाही त्यांतलेच होते. दुसरं काहीही माग, असं म्हणताना बाबांच्या डोळ्यांसमोर ती होती की नव्हती? आणि समोर बसलेल्या आत्याचा राग करावा तर तिचा चेहरा असा, की रागाला धरायला काही सापडेना. दिवसभर ती लोकांना विचारायची आधीचं बरं की आत्ताचं, आणि लोक कधीकधी हिरमुसून म्हणायचे, मॅडम, दोन्हीत सारखंच धूसर दिसतंय. ते आज तिला पटलं.

मग तिला एक सोपा मार्ग दिसला आणि ती एकदम मोकळी झाली. तिने बाईला विचारलं, कार्डावर आता जागा आहे ना? आजी-आजोबा, काका-काकू, आई-बाबा, सगळे गेले, ताईचं लग्नानंतर वेगळं कार्ड झालं, आता तिथे ओळी कितीतरी मोकळ्या. मग आम्ही दोघीही परत जातो. मी बाबांची मुलगी म्हणून, आत्या बाबांची बहीण म्हणून. जशा होतो तशा.

बाईने कागद चाळून मान हलवली. करता येतं. कुटुंबप्रमुखाची संमती लागते, एवढंच.

कुटुंबप्रमुख आता दादा होता. बाईने अर्ज त्याच्यापुढे सरकवला आणि पेन वर ठेवलं. दादाने अर्ज वाचला. मग पुन्हा वाचला. एका अर्जात वाचण्यासारखं तेवढं नव्हतं.

"धाकटीचं ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. "तिची मी आत्ता सही करतो. आत्याचं म्हणजे... उद्या घराचं काही करायचं म्हटलं तर तिचाही हक्क लागणार. शिवाय तिचं आजारपण, दवाखाना, जबाबदारी कोणाची? मी नाही म्हणत नाहीये. विचार करू."

ताईकडे सगळ्यांनी पाहिलं. तिचं कार्ड सासरचं होतं, तिथे विचारावं लागेल, असं ती हळू म्हणाली. नंतर म्हणाली, विचारून बघते. आणि मग बशीतली बिस्किटं एकसारखी लावू लागली. वहिनी आत पाणी आणायला गेली ती लगेच आली नाही.

आत्याने कोणाकडे पाहिलं नाही. तिने चष्मा पुन्हा घातला आणि छापील प्रोग्रामचं पुढचं पान उलटलं. तिला यात नवीन काही नव्हतं, आणि तेच धाकटीला सहन होईना. बेचाळीस वर्षांपूर्वी ती सहा दिवसांची असताना हे असंच झालं असणार, याच टेबलाशी, असेच सगळे दुसरीकडे बघत.

"राहू दे, दादा," ती म्हणाली. "सही नको करू."

"अगं, तुझी करतोय ना मी. तुला हवंय ना?"

हवं होतं. आठ महिने तिला दुसरं काही नको होतं. तिने दादापुढचा अर्ज ओढून घेतला, दुमडला आणि बाईच्या गठ्ठ्यावर ठेवला. मग गठ्ठ्यातला दुसरा, पिवळा अर्ज शोधला, ज्यावर वरच छापलं होतं: नोंदी तपासल्या, बदल नाही. तो तिने आत्यापुढे ठेवला.

"वेडेपणा करू नकोस," आत्या म्हणाली. "एकदा नव्या यंत्रात गेलं की गेलं. तो तुझा बाप होता."

"होताच. त्याला आता कागद लागत नाही, आत्या. तुला लागतो."

दादा म्हणाला, तू भावनेच्या भरात करतेयस, उद्या पस्तावशील. पस्तावेन कदाचित, असं धाकटी म्हणाली, आणि ते खरंच होतं. तिला आतून पोकळ वाटत होतं, बरं वाटत होतं, बाबांची क्षमा मागावीशी वाटत होती आणि बाबांशी भांडावंसंही वाटत होतं. यातलं एकही दुसऱ्याला मागे सारत नव्हतं.

खात्याच्या बाईने घसा साफ केला. पिवळ्या अर्जासाठी नियम असा होता, की कुटुंबप्रमुखाला प्रत्येक माणसाचं नातं तोंडी विचारायचं आणि त्याच्या तोंडचा शब्द तसाच लिहायचा. या कार्डाची प्रमुख आत्या होती. नियमही बहुधा तिच्याच वेळचा होता.

"मॅडम, दुसऱ्या ओळीतली व्यक्ती. तुमची कोण?"

हा प्रश्न आत्याने लाखो लोकांना विचारायला लावला होता, आणि आता उत्तर द्यायची पाळी आल्यावर ती धाकटीकडे बघत राहिली, परवानगी मागावी तशी. धाकटीने मान हलवली.

"मुलगी," आत्या म्हणाली, पण इतक्या बारीक आवाजात, की बाईला ऐकूच गेलं नाही आणि तिने पुन्हा विचारलं.